शेवटच्या वर्षाला असलेली कादंबरी

ये गं, कान जरा इकडे कर. सहा महिने मावशी आहे की गेली याची चौकशी नाही, आणि परवा फोन आला तो थेट, "मावशी, त्या लंडनच्या एजंटबाईंचा पत्ता दे ना." गुडघे कसे आहेत, काकांची शुगर किती, काही नाही. पत्ता. देणार आहे मी पत्ता, मला काय त्याचं लोणचं घालायचंय? पण आधी माझं ऐकायचं. फोनवर सांगायला गेले तर तू "हं, हं" करत एकीकडे कीबोर्ड बडवत असतेस, मला ऐकू येतं ते. म्हणून लिहून पाठवतेय. कागदाला "हं" म्हणता येत नाही.

तुझे काका रेल्वेतून रिटायर झाले आणि आम्ही क्वार्टर सोडून इथेच चेन्नईत मुलाकडे, पेरुंगुडीला राहायला आलो, तेव्हाची ही गोष्ट. मुलगा आणि सून दोघंही सकाळी कंपनीच्या बसने जायचे. सून सिरुसेरीला, तो दुसऱ्या टोकाला. दिवसभर फ्लॅटमध्ये आम्ही दोघं, आणि काका पेपर वाचता वाचता झोपणारे. मग मी कादंबरी लिहायला घेतली. यात हसण्यासारखं काही नाही. माणसं बागकाम करतात, मी कादंबरी केली. आमच्याकडे बाल्कनीत ऊन यायचं नाही.

कादंबरी होती एका विधवा बाईची. नवरा रेल्वेत क्लार्क होता, तो गेल्यावर ही बाई टी. नगरला एका साडीच्या दुकानामागे फॉल-पिकोचं मशीन घेऊन बसते. नाशिकला मुलगा आहे, तो म्हणतो, आई, आता पुरे, इकडे ये. बाई जाते की राहते, एवढीच गोष्ट. जाते की राहते हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. हे लक्षात ठेव, पुढे यावरूनच घोटाळा झाला.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक मामी राहायच्या. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. त्यांची मराठी ऐकलीस तर तुला वाटेल कुणी जुनी पोथी वाचतंय आणि मधेच तमिळमध्ये भाजी विकतंय. दुपारी त्या बीन्स चिरायला बसायच्या, तेव्हा मी त्यांना माझं लिहिलेलं वाचून दाखवायचे. त्यांनी कादंबऱ्या वाचल्या नव्हत्या. मराठी वाचायचंच त्यांना जड जायचं, घरात सगळं तमिळमध्ये. पण ऐकायला बसल्या की ऐकायच्या, आणि कंटाळा आला की उठायच्या. सांगायच्या नाहीत हं. "कुकर बघून येतें," म्हणून आत जायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, खरंच कुकर लावलाय. चार दिवसांनी लक्षात आलं, दुपारी तीन वाजता कोण कुकर लावतं?

मग मी काय केलं, मामी जिथे उठायच्या तिथे वहीच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवायला लागले, "मामी उठल्या." पहाटेचं वर्णन होतं दीड पानाचं, समुद्रावरचं, त्यात तीनदा. बाईच्या लग्नाआधीच्या आठवणी, दोनदा. बाईच्या मनात आलेले विचार, सलग पाच पानं, तिथे तर त्या आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत, मी दार ओढून घरी आले. महिनाभरात वही अशी दिसायला लागली की कुणाला वाटेल, ही मामींच्या उठण्याबसण्याचीच डायरी आहे. मग मी त्या सगळ्या जागा कापल्या. कादंबरी निम्मी झाली आणि बरी झाली. मला रडू येत होतं, पण बरी झाली हे कळत होतं.

एकदा मी वाचलं, "ती अत्यंत सालस, सोशिक आणि प्रेमळ होती." मामी सुरी थांबवून म्हणाल्या, "असें कां हो सांगता? तिनें काय केलें तें सांगा की."

"अहो, पण स्वभाव कळायला नको?"

"कळेल की आम्हांस. आम्ही काय येडे?"

आता हे विशेषणांचं वळण मला कुठून लागलं ते सांगते. आमच्या मराठी मंडळात स्थळांची वही माझ्याकडे होती. वीस वर्षं. मुलामुलींची माहिती लिहायची, पुणे, नागपूर, बडोद्याला पत्रं घालायची. सालस, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष. हात बसला होता. मुलगी बुटकी असली तर उंची शेवटच्या ओळीत, आणि त्याच्या अगोदर तिची एम.एस्सी. खोटं एक अक्षर नाही. फक्त क्रम. या क्रमाच्या जिवावर मी किती संसार उभे केलेत, विचार मंडळात.

दुसरी अडचण, माझी सगळी माणसं माझ्यासारखी बोलायची. दुकानातला सेल्समन, नाशिकची सून, पोस्टमन, सगळे. मामींनीच पकडलं. "हें कोण बोललें आता? सारे तुम्हीच बोलता." म्हणून मी शनिवारी टी. नगरला जायला लागले, साडीच्या दुकानात जाऊन नुसती बसायचे. कान उघडे, पर्स मांडीवर, पर्समध्ये छोटी डायरी. गिऱ्हाईक बायका कशा भांडतात, नवरे कसे दाराजवळ उभे राहून घड्याळ बघतात, सेल्समन दमला की साडी कशी फेकतो. तिसऱ्या शनिवारी त्या मजल्यावरचा मॅनेजर आला आणि अगदी आदराने तमिळमध्ये विचारलं, अम्मा, तुम्ही समोरच्या दुकानाकडून आलात का? त्याला वाटलं मी त्यांचे भाव उतरवून नेते. मी शरमेने एक साडी घेतली, शेवाळी रंगाची, मला अजिबात न शोभणारी. पण त्या माणसाची आदराने संशय घेण्याची पद्धत अशीच्या अशी चौथ्या प्रकरणात आली. साडी मामींना दिली. त्यांना शोभते.

असं करत पहिली तीन प्रकरणं मी अकरा वेळा लिहिली. मामी एकदाही उठल्या नाहीत. मी सुनेला वाचायला दिली. ती पुण्याची, शाळेपासून इंग्रजीत पहिली येणारी. एका रविवारी मला म्हणते, "आई, मी हे इंग्रजीत करू?" आणि तिने केलं, हौसेने, शनिवार-रविवार बसून. मग तिनेच नेटवर शोधून काढलं की परदेशात लेखक थेट प्रकाशकाकडे जात नाहीत, मधे साहित्याचे एजंट असतात. त्यांना आधी पत्र घालायचं. त्यांना कादंबरी आवडली तर ते प्रकाशक गाठून देतात.

"म्हणजे मध्यस्थ," मी म्हटलं.

"हो, तसंच काहीसं."

"मग यात शिकण्यासारखं काय आहे? मी वीस वर्षं तेच करत्ये."

एजंट काय मागतात? एक पत्र, एका पानात कादंबरीचा सारांश, आणि पहिली तीन प्रकरणं. बघ आता, तूच सांग. स्थळाला आधी काय पाठवतो? पत्र, माहितीचा कागद आणि एक फोटो. अख्खी मुलगी कुणी पोस्टाने पाठवतं का? माझ्याकडे पत्र होतं, कागद होता आणि फोटो तर असा होता की डोळे दिपावेत. राहिलेली आठ प्रकरणं कच्ची होती, काही नुसती दोन-दोन ओळींची, आणि शेवट नव्हताच. पण मुलगी शेवटच्या वर्षाला असताना आपण स्थळं बघायला लागतोच की. पत्रं जातात, उत्तरं येतात, कांदेपोहे होतात, तोवर परीक्षा होऊन जाते. कुणी विचारलंच तर "शेवटच्या वर्षाला आहे" म्हणायचं. इतकं सरळ होतं.

सुनेने विचारलं होतं मला. "आई, पुढचं सगळं लिहून झालंय ना?"

मी म्हटलं, "अगं, कपाटात आहे." कपाटात वही होती. खोटं एक अक्षर नाही.

पत्र मी मराठीत सांगितलं, तिने इंग्रजीत घातलं. "आमची कादंबरी मध्यम बांध्याची, स्वभावाने मोकळी, पहिल्या भेटीतच आपलंसं करणारी आहे. घरात विनोदाचं वातावरण." ती टाइप करता करता थांबली. "आई, हे कादंबरीचं पत्र आहे की दाखवायच्या कार्यक्रमाचं?"

"फरक काय गं? तू घाल."

"आणि हे 'अपेक्षा' काय लिहिलंय?"

"अपेक्षा नको? एजंट सुशिक्षित, निर्व्यसनी, बोलायला प्रेमळ, शहरात स्वतःचं ऑफिस असलेला."

तिने तेही घातलं. तिलाही मजा वाटत होती, मी एकटी द्वाड नाही आमच्या घरात. सारांशाच्या पानावर गोष्ट बाई नाशिकचं तिकीट काढायला जाते तिथवर आणली आणि खाली लिहिलं, "बाकी समक्ष भेटीत." सून म्हणाली, यांना शेवटसुद्धा लागतो, तसं लिहिलंय साइटवर. मी म्हटलं, पहिल्याच पत्रात सगळं सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. पत्राखाली माझं नाव, आणि त्याखाली भाषांतर म्हणून तिचं. ते मीच आग्रहाने घालायला लावलं.

सहा जणांना पाठवलं. चौघांनी तोंड उघडलं नाही. एकाचं छापील उत्तर आलं. आणि सहाव्या, लंडनच्या बाई, त्यांनी लिहिलं की असं पत्र आम्हाला कधी आलं नव्हतं, तीन प्रकरणं एका बैठकीत वाचली, कृपया संपूर्ण हस्तलिखित ताबडतोब पाठवा.

ताबडतोब. सून ऑफिसातून आली ती नाचतच. कपाटाशी गेली, वही काढली. आणि उभ्या उभ्या पानं उलटायला लागली. अर्धी वही कोरी. सहाव्या प्रकरणात एक पान होतं, त्यावर फक्त "इथे भांडण."

ते पान तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आई, तुम्ही मला सांगितलंत कपाटात आहे."

"अगं, शेवटच्या वर्षाला आहे."

"त्या पत्राखाली माझं नाव आहे, आई."

ती हसली नाही गं. दहा वर्षांत मी तिला इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. ती खोलीत गेली, आणि जेवणाच्या टेबलावर माझ्याशी "भात वाढू?" याच्या पलीकडे बोलली नाही. मला कादंबरीचं काही वाटेना, पण ते "माझं नाव" डोक्यातून जाईना. मी हौसेने घालायला लावलेलं नाव. उद्या ती बाई म्हणेल, या दोघी फसव्या. माझं काय जातंय? मी साठीची. तिने मात्र इतक्या शनिवार-रविवारी बसून ते भाषांतर उभं केलं होतं.

तरी माझा स्वभाव काही एका रात्रीत जातो? दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, पंधरा दिवस मागून घे, मी लिहून काढते. कारण काय सांगू म्हणाली. सप्टेंबर महिना होता. मी म्हटलं, पितृपक्ष चालू आहे ते सांग. स्थळाकडच्यांना आपण हेच सांगतो ना, पितृपक्ष आहे, तो झाल्यावर बोलू. आणि तो चालू होताच, खोटं एक...

"आई, ते वाक्य नका म्हणू," सून म्हणाली.

तिने लिहिलं, पितरांच्या पंधरवड्यामुळे कुटुंबात आत्ता शुभकार्य करता येत नाही. लंडनहून तासाभरात उत्तर. तुमच्या घरी झालेल्या मृत्यूबद्दल ऐकून अतिशय वाईट वाटलं, तुम्हा सर्वांना धीर मिळो, हस्तलिखिताची मुळीच घाई नाही. काका पलीकडे पेपर वाचत होते, ते म्हणाले, "कोण गेलं?" सुनेने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून मामींकडे गेले.

त्या पंधरा दिवसांत मी आठ प्रकरणं लिहिली. हात दुखेपर्यंत. बाईला शेवटी गाडीत बसवलं. मशीन विकते, सेंट्रलला जाते, नाशिकला मुलगा रडतो, नातवंडं पायाशी. सर्वपित्री झाल्यावर मामींना सबंध वाचून दाखवलं, दोन दुपारी लागल्या. मामी एकदाही उठल्या नाहीत. मी मनात म्हटलं, झालं, जमलं.

"काय मामी, कुकर नाही आज?"

"गुडघा धरला आहे. उठवत नाही."

मग बीन्सची परात बाजूला सारून म्हणाल्या, "ही बाई तुमच्या घाईनें गेली. तिच्या मनानें नव्हे."

मला राग आला. म्हटलं, तुम्हाला काय कळतं. असं म्हणाले मी, तोंडावर. त्या म्हणाल्या, "सरी," म्हणजे बरं, आणि परात ओढून घेऊन पुन्हा बीन्स चिरायला लागल्या. मी तशीच बसून राहिले. खरंच, ही माझी बाई, जिने दहा प्रकरणं कुणाचं ऐकलं नाही, ती अकराव्यात मला पंधरा दिवसांत संपवायचंय म्हणून गाडीत बसली होती. सुनेने हे इंग्रजीत केलं असतं आणि तिचं नाव त्याखाली गेलं असतं. अर्ध्या कोऱ्या वहीपेक्षा हे वाईट. कोरी वही निदान कोरी दिसते तरी.

रात्री जेवणं झाल्यावर मी सुनेला म्हटलं, त्या बाईंना पत्र लिहायचंय.

"काय लिहायचं?"

"खरं."

"सगळं?"

"सगळं. कुणी गेलं नाही म्हणावं. पितर आमचे जुनेच आहेत. कादंबरी पूर्ण नव्हती, सासूने सुनेला फसवलं, सुनेचा दोष नाही. ते 'सुनेचा दोष नाही' वरती घाल, पहिल्या ओळीत."

तिने टाइप केलं. मधेच म्हणाली, "मोठ्या अक्षरात घालू का?" तेव्हा मला कळलं, राग उतरतोय.

उत्तर यायला आठवडा लागला. बाईंनी लिहिलं होतं, कादंबरी पूर्ण आहे असं खोटं सांगणारे लेखक मला दर महिन्याला भेटतात, पण पूर्वजांना मधे घालणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पूर्ण झाली की पाठवा, वाचीन. आश्वासन देत नाही.

त्यानंतर पूर्ण सव्वा वर्ष गेलं. शेवट सहा वेळा लिहिला. शेवटच्या खेपेला माझी बाई तिकिटाच्या खिडकीपर्यंत जाते, मागे तीस साड्या फॉल लावायच्या पडल्यात ते तिला आठवतं, रांगेतून बाहेर येते आणि मुलाला फोन करून सांगते, दिवाळीनंतर बघू. भांडण नाही, भाषण नाही. दिवाळीनंतर बघू. मामी म्हणाल्या, "दिवाळीनंतरही नाही जायची ही," आणि मी न विचारता पुढे तमिळमध्ये तिच्या मुलाला चार शब्द सुनावले, जणू तो दारात उभा आहे. तेव्हा मी वही मिटली.

सुनेने भाषांतर पुरं केलं आणि पाठवलं. नकार आला. हो, नकारच. पण कसा? पान भरून. कादंबरी फार आवडली, बाई कायम लक्षात राहील, पण आमच्याकडे ती कुठे बसवावी ते सुचत नाही, तुम्हाला योग्य घर नक्की मिळो. मी वाचलं आणि मला हसूच आवरेना. हे पत्र मी ओळखत होते. वीस वर्षं मीच तर लिहीत आले. "मुलगी लाखात एक आहे, परंतु योग दिसत नाही." शब्दसुद्धा तेच, फक्त इंग्रजीत.

पण खाली आणखी एक परिच्छेद होता, तो माझ्यासाठी नव्हता. भाषांतर करणाऱ्या बाईंना स्वतंत्रपणे विचारायचं आहे, असं सुरू होत होता. आमच्याकडे दोन भारतीय पुस्तकं भाषांतरासाठी पडून आहेत, एक मराठी आहे. यांना वेळ आहे का? ज्यांनी स्वतःची चूक नसताना पत्राच्या पहिल्या ओळीत तसं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, त्यांच्यावर मी भरवसा ठेवायला तयार आहे.

मोठ्या अक्षरात घातलंन बघ शेवटी. मला सांगितलं नव्हतं.

बघायला आले थोरलीला आणि पसंत पडली धाकटी. हे असं होतं, मी स्वतः दोन घरांत होताना पाहिलंय, आणि दोन्हीकडे थोरली महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. मी एक दिवस बोलले नाही. संध्याकाळी सून माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी नाही म्हणू का त्यांना?"

मी म्हटलं, "नाही म्हणून बघ, पुन्हा पितृपक्ष लावीन घरात."

आता तिची दोन पुस्तकं झाली. शनिवारी ती टाइप करते आणि मला विचारते, आई, ह्या बाईने असं म्हटलं असतं का? मी सांगते. कधी कधी आम्ही दोघी उठून समोर मामींकडे जातो. माझी ती कादंबरी घरातच आहे. मला तिच्या चौथ्या प्रकरणात अजून काहीतरी खुपतंय आणि मला घाई नाही.

पत्ता सुनेकडे आहे, तोच चालतो अजून. पण तू नुसता पत्ता घेऊन जाशील आणि पुन्हा सहा महिने गायब होशील, तुला मी ओळखते. तू स्वतःच ये. गाडी सकाळची घे, बसायला खिडकी माग, उतरलीस की फोन कर, काका येतील न्यायला. मामींना हल्ली ऐकायला कमी येतं आणि माझा घसा दोन पानांत बसतो, मोठ्याने वाचणारं कुणीतरी हवंय आम्हाला. तुझं काय लिहून झालंय ते आण, जेवढं आहे तेवढं, आणि जेवढं नाही तेही मला खरं सांग. चार दिवस काढून ये. लवकर ये.